पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, इथेनॉल पोर्टमध्ये: कण कमी करण्यासाठी जोडणी आणि चाचणी

धुळ्याहून यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या गटाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या डायनॅमोमीटरवर एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो जीडीआय (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं) इंजिन आहे. पेट्रोल आहे तसं थेट सिलिंडरमध्येच जाऊ द्यायचं आणि इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांवर, वेगळे इंजेक्टर बसवून प्रत्येक सिलिंडरच्या पोर्टात (हवेच्या तोंडाशी) इथेनॉल द्यायचं. याने एक्झॉस्टमधले सूक्ष्म कण खरंच कमी होतात का? किती इथेनॉल द्यावं, काय काय बिघडतं, आणि पंपावरचं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरून हेच साधत नाही का?

कमी होतात. पण इथेनॉल किती टक्के दिलं यापेक्षा ते कुठून दिलं आणि इंजिन किती तापल्यावर दिलं, याला जास्त महत्त्व आहे. तेच इथेनॉल चुकीच्या वेळी गेलं तर कण वाढतात.

कण येतात कुठून, ते आधी स्वतः पाहून घ्या. प्लग काढा, भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घाला आणि पिस्टनचा माथा पाहा. इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर रुपयाएवढा डाग असतो, भोवतीच्या करड्या थरापेक्षा काळाभोर आणि कडेला बऱ्यापैकी रेखीव. तिथे पेट्रोलची पातळ साय बसते. तिची वाफ व्हायला वेळ मिळत नाही. ठिणगीनंतरची निळी ज्योत पुढे निघून जाते आणि ही साय मागे पिवळ्या ज्योतीने जळत राहते. तो पिवळा रंग तापलेल्या काजळीचाच. दुसरं उगमस्थान म्हणजे इंजेक्टरचं टोक. भोकांभोवती साठलेल्या कार्बनच्या थरात पेट्रोल मुरतं आणि स्फोटानंतर तिथेच धुमसतं. तिसरं, नीट न मिसळलेल्या मिश्रणातले दाट कप्पे. वंगणतेलातून येणारे कण वेगळेच. त्यांच्यावर इथेनॉलचा काही इलाज चालत नाही, म्हणून जुन्या, तेल खाणाऱ्या इंजिनावर हा प्रयोग करू नका.

पेट्रोल हा शेकडो घटकांचा मेळ आहे. साधारण ३५ अंशांपासून २०० अंशांच्या आसपासपर्यंत त्याचे घटक एकामागून एक उकळतात. शेवटी उरतात ते जड अरोमॅटिक. त्यांच्या रेणूत कार्बनचं कडं आधीच तयार असतं आणि काजळीची वीण त्या कड्यापासूनच सुरू होते. बीएस-६ पेट्रोलमध्ये अरोमॅटिकला ३५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. इथेनॉलचं गणित याच्या उलट. रेणू लहान, कडं नाही, दुहेरी बंध नाही, वजनाच्या ३४.७ टक्के ऑक्सिजन, आणि सगळं ७८ अंशांनाच उकळतं, मागे जड शेपूट उरत नाही. त्यामुळे इथेनॉल दोन बाजूंनी काम करतं. ते स्वतः काजळी जवळजवळ करत नाही, आणि ते आल्यामुळे तेवढंच पेट्रोल पिस्टनवर कमी पडतं. तुमच्या जोडणीत दुसरी बाजू मोठी आहे.

आता ई२० चा प्रश्न. तिथे इथेनॉल आणि पेट्रोल एकाच थेंबात असतात. इथेनॉलची वाफ करायला उष्णता फार लागते: किलोला सुमारे ९०० किलोज्यूल, पेट्रोलला सुमारे ३५०. त्यात इथेनॉल जास्त वजनाने द्यावं लागतं, म्हणजे तेवढ्याच कामासाठी वाफ करण्याचा खर्च चौपटीच्या घरात जातो. थेंबातलं इथेनॉल आधी उडतं, उरलेला थेंब गार पडतो, आणि जड अरोमॅटिकची वाफ आणखी उशिरा होते. इंजिन गार असेल, पेट्रोलचं शेपूट जड असेल आणि इंजेक्शन थेट असेल, तर कमी प्रमाणातल्या मिश्रणाने कण वाढल्याचे निष्कर्ष याच कारणाने निघतात. गरम इंजिनावर तेच मिश्रण कण कमी करतं. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत, परिस्थिती वेगळी असते. शिवाय ई२० म्हणजे जुन्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा इथेनॉल ओतलं असं नव्हे. इथेनॉलचा ऑक्टेन (इंधन अवेळी न पेटण्याचं माप) सुमारे १०८ असल्याने रिफायनरी मूळ पेट्रोलचा मेळ बदलू शकते. म्हणून पंपावरची दोन इंधनं भरून तुलना केली तर फरक इथेनॉलचा की मूळ पेट्रोलचा, हे सांगता येणार नाही. वेगळ्या टाकीचा खरा फायदा इथे आहे: पेट्रोल तेच राहतं, फक्त इथेनॉल बदलतं.

आकडे मांडून पाहू. एका सिलिंडरचं आकारमान ३३३ घनसेंटिमीटर. मॅनिफोल्डमध्ये जवळपास वातावरणाइतका दाब आणि भरण ९० टक्के धरलं, तर एका आवर्तनात सुमारे ३६० मिलिग्रॅम हवा आत जाते. नुसत्या इथेनॉलविरहित पेट्रोलवर, १४.७ च्या हवा-इंधन प्रमाणाने (वजनात), २४.५ मिलिग्रॅम पेट्रोल लागतं. हा बिंदू साधारण १० ते ११ बार बीएमईपीचा (इंजिनावरचा भार सांगणारा सरासरी प्रभावी दाब). आता ३० टक्के ऊर्जा इथेनॉलकडून घ्यायची. पेट्रोलची ऊर्जा किलोला ४३ मेगाज्यूल, इथेनॉलची २६.८. हवा मात्र इथेनॉलला फक्त ९ पट लागते, त्यामुळे एक किलो हवेमागे मिळणारी ऊर्जा दोन्हींची जवळजवळ सारखी निघते. हिशेब सोपा होतो: इथेनॉल १२ मिलिग्रॅम, पेट्रोल १७.२ मिलिग्रॅम. पिस्टनकडे जाणारं पेट्रोल ३० टक्क्यांनी घटलं. हेच प्रमाण घनफळात मोजलं तर इथेनॉल ४० टक्के येतं. अहवालात टक्केवारी ऊर्जेची, वजनाची की घनफळाची, हे दर वेळी लिहा. या एका गोंधळापायी चांगले प्रयोग वाया जातात.

टाकीत ई२० च असेल तर त्याचं हवा-इंधन प्रमाण सुमारे १३.५ धरा आणि त्यातलं इथेनॉलही मोजणीत घ्या. जमलं तर इथेनॉलविरहित संदर्भ पेट्रोल मिळवा आणि सगळ्या चाचण्यांना पुरेल एवढं एकाच खेपेचं घ्या.

जोडणीकडे या. थ्रॉटलजवळ एकच इंजेक्टर लावण्याचा मोह टाळा. द्रव इथेनॉल मॅनिफोल्डच्या तळाने वाहतं आणि तीन सिलिंडरांत सारखं वाटलं जात नाही. प्रत्येक पोर्टला स्वतंत्र इंजेक्टर द्या, व्हॉल्व्हपासून ८० ते १०० मिलिमीटरवर, फवारा इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडेल अशा कोनात. प्रत्येकी मिनिटाला १५० ते २०० घनसेंटिमीटर प्रवाहाचा इंजेक्टर पुरतो. १२ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे १५ मायक्रोलिटर, २०० च्या इंजेक्टरला साडेचार मिलिसेकंद. मोठा इंजेक्टर घेतलात तर कमी मात्रेला उघडण्याचा वेळ दोन मिलिसेकंदांच्या खाली जातो, आणि तिथे प्रवाह भरवशाचा राहत नाही. इंधनदाबाच्या रेग्युलेटरची नळी मॅनिफोल्डला जोडा, म्हणजे टर्बोचा दाब वाढला तरी इंजेक्टरवरचा दाबफरक ३ बारच राहील. इथेनॉलचं इंजेक्शन इनटेक व्हॉल्व्ह बंद असतानाच संपवा. तापलेल्या व्हॉल्व्हच्या पाठीवर वाफ होऊ द्यायची आहे. ती उष्णता सगळी हवेतून घेतली गेली तर १२ मिलिग्रॅम इथेनॉल ३६० मिलिग्रॅम हवेला सुमारे ३० अंशांनी गार करतं. प्रत्यक्षात बराच वाटा धातू देतो, पण नॉकिंग (मिश्रण आपोआप, अवेळी पेटणं) मागे सरकतं ते या गारव्यामुळे आणि ऑक्टेनमुळे.

नळ्या, सील आणि पंप इथेनॉलला चालणारेच हवेत. साधा रबर फुगतो, जस्त आणि उघडं अॅल्युमिनियम खाल्लं जातं. टाकी स्टेनलेस स्टीलची, नळी पीटीएफई अस्तराची, ओ-रिंग वायटनच्या. इथेनॉलमधून वीज थोडी वाहते, म्हणून टाकीत बुडणारा पेट्रोलचा पंप चालेल असं गृहीत धरू नका. अल्कोहोलसाठी म्हणून विकला जाणारा घ्या. फिल्टर पहिल्या दहा तासांनंतर काढून उघडा. तांबूस किंवा पांढरा गाळ दिसला तर कुठला तरी धातू खाल्ला जातोय.

मूळ ईसीयूवर (इंजिनाच्या नियंत्रक संगणकावर) ही जोडणी चालवली तर काय होतं, ते नीट समजून घ्या. पोर्टातून इथेनॉल आलं की लॅम्ब्डा सेन्सरला (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या) मिश्रण दाट दिसतं आणि ईसीयू स्वतःच पेट्रोल कमी करतो. पंधरा-वीस टक्के ऊर्जेपर्यंत हे निभतं. पुढे फ्युएल ट्रिम (ईसीयूची इंधन-दुरुस्ती) मर्यादेला टेकते आणि पी०१७२, म्हणजे मिश्रण फार दाट असल्याचा, कोड येतो. त्याहून वाईट म्हणजे ही दुरुस्ती ईसीयू दीर्घकालीन स्मृतीत ठेवतो. इथेनॉल बंद केल्यावर इंजिन काही वेळ पातळ मिश्रणावर चालतं, आणि तुमचं 'मूळ' वाचन बिघडतं. म्हणून ३० टक्क्यांचा विचार असेल तर खुला ईसीयूच हवा, ज्यात इथेनॉलच्या ऊर्जेइतकं पेट्रोल थेट वजा करता येतं. लॅम्ब्डा १ वरच, म्हणजे इंधनाला नेमकी पुरेल एवढ्याच हवेवर, धरा. पातळ मिश्रणाने कण कमी झाले तर ते श्रेय इथेनॉलचं नाही.

आणि एक सेन्सर तिन्ही सिलिंडरांची सरासरी सांगतो. एक सिलिंडर दाट, एक पातळ, सरासरी १, आणि काजळी दाट सिलिंडरातून येत राहते. शक्य असेल तर प्रत्येक एक्झॉस्ट पोर्टचं तापमान मोजा. फरक २० अंशांच्या वर गेला तर आधी इंजेक्टर बाहेर काढून मोजपात्रात प्रवाह जुळवून घ्या.

चाचणीची पद्धत. इंजिन पेट्रोलवरच सुरू करा, पेट्रोलवरच तापवा. शीतकाचं तापमान ६० अंशांवर जाईपर्यंत इथेनॉलचा स्विच बंद. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो. १० अंशांना इथेनॉलच्या वाफेचा दाब सुमारे ३ किलोपास्कल असतो, म्हणजे हवेत जेमतेम ३ टक्के वाफ, आणि पेट घ्यायला ३.३ टक्के तरी लागते. गार पोर्टात टाकलेलं इथेनॉल भिंतीवरून ओघळतं, सिलिंडरात द्रवच उतरतं आणि तेलात मिसळतं. ब्राझीलमध्ये इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी देत असत, ती याच कारणाने.

शीतक आणि तेल दोन्ही ९० अंशांवर स्थिरावल्यावर २,००० आरपीएम आणि १० बारच्या आसपास पहिला बिंदू घ्या. इथेनॉलचा ऊर्जेतला वाटा ०, १०, २०, ३०, ४० टक्के. क्रम चढता ठेवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण इंजेक्टरच्या टोकावरचा थर तासागणिक बदलतो आणि चढत्या क्रमात तो बदल इथेनॉलच्या खात्यावर जमा होतो. प्रत्येक बिंदूला किमान तीन मिनिटं स्थिर, मग एक मिनिटाची सरासरी. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी शून्य टक्क्यांचं वाचन. ही तीन वाचनं एकमेकांपासून १० टक्क्यांहून जास्त दूर गेली तर तो दिवस रद्द समजा. हे कठोर वाटेल, पण ज्याचं शून्यच सरकतंय त्या आलेखाला काही अर्थ उरत नाही.

पेट्रोलच्या इंजेक्शनची सुरुवात हा स्वतंत्र अभ्यास आहे. ती फार लवकर असेल तर पिस्टन वर असतो आणि फवारा त्यावरच आदळतो. फार उशिरा असेल तर मिसळायला वेळ उरत नाही. पिस्टनच्या सर्वांत वरच्या बिंदूआधी (टीडीसी) क्रँकच्या ३२० ते २४० अंशांमध्ये १० अंशांच्या पायऱ्यांनी फिरवून पाहा. पेट्रोल घटल्यावर फवारा आखूड होतो (२,००० आरपीएमला एक मिलिसेकंद म्हणजे १२ अंश) आणि उत्तम बिंदू सरकतो. ही फेरी आधी इथेनॉलशिवाय करा. पुष्कळदा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो, आणि मग इथेनॉलचा खरा वाटा किती ते प्रामाणिकपणे दिसतं. कण आधीच कमी असलेल्या बिंदूवर इथेनॉलचा फरक उपकरणाच्या चढउतारातच हरवेल. जास्त भार आणि अचानक पेडल दाबणं, इथे फरक ठळक दिसतो.

ठिणगी पहिल्या फेरीत हलवू नका. दुसऱ्या फेरीत नॉक सेन्सरवर लक्ष ठेवून दोन-दोन अंशांनी पुढे घ्या. आयएमईपीचा (सिलिंडरातल्या सरासरी दाबाचा) आवर्तनागणिक चढउतार ३ टक्क्यांच्या वर गेला की थांबा.

मोजणीत सगळ्यात जास्त चुका होतात. अपारदर्शकता मोजणारा डिझेलचा स्मोक मीटर इथे निरुपयोगी आहे, हे कण प्रकाश अडवण्याइतके मोठे नसतात. पेट्रोल गाडीच्या पीयूसीतही कण मोजतच नाहीत, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. म्हणून 'पीयूसी छान आली' हा पुरावा नाही. कणांची संख्या मोजणारं उपकरण हवं, २३ नॅनोमीटरपासून वरचं, आणि त्याआधी गरम विरळीकरण व ३०० अंशांच्या वरची बाष्पक नळी किंवा कॅटलिटिक स्ट्रिपर. ते नसेल तर न जळलेल्या इंधनाची नि तेलाची वाफ गार होऊन तिचे थेंबही कण म्हणून मोजले जातात. नमुना कॅटलिटिक कन्व्हर्टर आणि पार्टिक्युलेट फिल्टर यांच्या आधीचा घ्या. फिल्टरनंतर मोजाल तर तुम्ही फिल्टर तपासताय. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांना आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून किलोमीटरला ६० हजार कोटी कणांची मर्यादा आहे, वजनाची मर्यादा ४.५ मिलिग्रॅम. पण त्या गाडीच्या पूर्ण चक्रावरच्या मर्यादा आहेत, डायनॅमोमीटरवरच्या एका बिंदूची तुलना त्यांच्याशी करू नका.

ऋतूचंही भान ठेवा. जानेवारीत प्रयोगशाळेतली हवा घनमीटरला १.२ किलोच्या आसपास असेल, तर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ती १.१ च्या जवळ येते. तुलनेचे दोन्ही बिंदू एकाच दिवशी घ्या आणि हवा वजनात मोजा. काळ्या मातीची धूळ उडायला लागली की एअर फिल्टरचा दाबफरकही रोज नोंदवा.

दीर्घ चाचणीत एक बिघाड हमखास येतो, आणि तो उलटा दिसतो. पहिल्या दिवशी कण घटतात, आठवड्याने हळूहळू वाढतात. कारण असं: थेट इंजेक्टरचं टोक त्यातून जाणाऱ्या पेट्रोलनेच गार राहतं. इथेनॉल वाढवून पेट्रोल कमी केलं की टोक तापतं, थर साठतो, फवारा बिघडतो. म्हणून पेट्रोल कधीच पूर्ण बंद करू नका, वाटा ४० टक्क्यांवर थांबवा, आणि दर दोन तासांनी दहा मिनिटं नुसत्या पेट्रोलवर जास्त भाराने चालवा. मग पुन्हा बोअरस्कोप.

एक्झॉस्टमध्ये अॅसिटाल्डिहाइड हे घातक रसायन वाढतं, हे लपवू नका. तापलेला कन्व्हर्टर बराचसा सांभाळतो, गार असताना नाही. खोलीचा एक्झॉस्ट पंखा आधी सुरू, मग इंजिन.

उलटी जोडणी, म्हणजे इथेनॉल थेट आणि पेट्रोल पोर्टात, नॉकिंगसाठी जास्त प्रभावी आहे. पण त्यासाठी उच्चदाब पंप इथेनॉलचा लागतो. पेट्रोलचा पंप इथेनॉलच्या कमी वंगणाने घासला जातो. कॉलेजच्या बजेटात तुमची निवडच बरोबर आहे.

इथेनॉल कुठलं? शहाद्याच्या बाजूला ऊस आहे, जळगाव-धुळ्यात मका आहे. पण कारखान्यातून कॅनभर घेऊन येणं कायद्यात बसत नाही. राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी कॉलेजच्या नावाने काढा आणि विकृतीकरण केलेलंच (पिता येऊ नये म्हणून काही मिसळलेलं) घ्या. प्रमाणपत्रावर पाणी, आम्लता आणि क्लोराइड पाहा. वेगळी टाकी असल्याने ५ टक्के पाणी असलेलं इथेनॉलही पोर्टातून चालतं, हिशेबात तेवढी ऊर्जा वजा करायची. तेच पेट्रोलच्या टाकीत ओतलं तर पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, वर पेट्रोल तरंगतं, आणि पंप तळातलं पाणीच उचलतो. गाडीच्या टाकीत स्वतः इथेनॉल ओतण्याचा विचार करणाऱ्यांनी एवढ्यासाठीच थांबावं.

सुरक्षेचा मुद्दा मी शेवटी घेतोय तो जाता जाता सांगायचा म्हणून नाही, टाकी भरण्याआधीची ही शेवटची पायरी आहे म्हणून. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की आत सहसा पेट घेत नाही. इथेनॉलच्या टाकीत साधारण १२ ते ४० अंशांमध्ये वाफ-हवेचं मिश्रण नेमकं पेट घेण्याजोगं असतं, म्हणजे धुळ्यात वर्षातले बहुतेक दिवस. टाकीला अर्थिंग, श्वासनळीला फ्लेम अरेस्टर, भरताना दोन्ही भांड्यांना जोडणारी तार. इथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून गळती झाली तर हाताने चाचपू नका. अल्कोहोलला चालणारा फोम किंवा ड्राय पावडर हाताशी ठेवा.

बंद करताना इथेनॉल आधी तोडा, इंजिन किमान पाच मिनिटं पेट्रोलवर भाराने चालवा, मग आयडलवर आणून बंद करा. इथेनॉलची रेल रिकामी करून ठेवा, रात्रभर भरलेली राहू देऊ नका. दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. तेलाची पातळी कालपेक्षा वर दिसली किंवा स्पिरिटचा वास आला, तर इंजेक्टर गळतोय किंवा गार इंजिनात इथेनॉल गेलंय. तेल बदलल्याशिवाय पुढचं वाचन घेऊ नका.